डभोईचे रूळ आणि नातवाचा ट्रक



दांडिया बजारातले वाडे, सुरसागर, खंडेराव मार्केट यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहून झालंय. मी आज एका खेळण्यातल्या ट्रकवर लिहिणार आहे. हसू नका. हा ट्रक आधी डभोईला जातो आणि तिथून माझ्या बँकेत येतो.

माझी मुलगी अमेरिकेत असते. दोन वर्षांपूर्वी आली तेव्हा भाच्यासाठी रिमोटवर चालणारा एक ट्रक घेऊन आली. खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाचा. मला वाटलं, सुसाट पळणारी गाडी असेल, चार दिवसांत भिंतीवर आपटून मोडेल. पण हा प्रकार वेगळाच निघाला. याला क्रॉलर म्हणतात. तो पळत नाही. मुंगळ्यासारखा दगडावर चढतो, एक चाक हवेत, एक खड्ड्यात, तरी पुढे सरकत राहतो. माणसाच्या चालीपेक्षाही हळू. आमच्या सोसायटीत बांधकामाचे उरलेले दगड पडले होते, तेच आमचे डोंगर.

नातू नववीत आहे. त्यानं मला यातलं शास्त्र शिकवलं. आपल्या मोटारीला डिफरन्शियल असतो, म्हणजे वळताना बाहेरच्या चाकाला जास्त फिरता येतं. रस्त्यावर ते बरोबर. पण दगडावर एक चाक अधांतरी लटकलं की सगळी ताकद त्या मोकळ्या चाकात वाया जाते. म्हणून क्रॉलरमध्ये दोन्ही चाकं एकत्र बांधलेली असतात, फिरली तर दोन्ही फिरतात. टायर मऊ, आत स्पंज, म्हणजे दगडाला धरून बसतात. वजन जितकं खाली तितकी गाडी कमी उलटते.

हा छंद असलेली मंडळी ट्रक आहे तसा ठेवत नाहीत. टायर बदल, स्टिअरिंगची मोटर बदल, वजनं लाव, असं त्यांचं कायम चालू असतं. नातू खाऊचे पैसे साठवून एकेक वस्तू घेत होता. मला म्हंटलं दया आली. निवृत्त माणूस, पेन्शन येते, खर्च काय? त्याच्या वाढदिवसाला मी त्याला न विचारता एक ब्रशलेस मोटर, तिचा कंट्रोलर आणि मोठी बॅटरी मागवली. आधीची बॅटरी 7.4 व्होल्टची होती, ही 11.1 व्होल्टची. सात हजारांच्या वर गेले. ही म्हणाली, "त्याला विचारलंत का?" मी म्हंटलं, सरप्राइज विचारून देतात का?

मोटर बसवली. ट्रक दगडांवर ठेवला. रिमोट हट्टानं मी घेतला. पुढचं चाक दोन दगडांच्या फटीत अडकलं. पूर्वी असं झालं की बिचारी जुनी मोटर घुंई करून थांबायची. मी खटका पूर्ण दाबला. टक्क असा आवाज आला आणि मग नुसती मोटर गरगर फिरत राहिली. चाकं जागच्या जागी. उघडून बघितलं तर मोटरच्या पुढच्या प्लॅस्टिकच्या मोठ्या दंतचक्राचे दात साफ झडलेले, आणि मागच्या चाकांकडे जाणारा दांडा पिळल्या कपड्यासारखा वळलेला.

पोरगं रडलं नाही. एवढंच म्हणालं, "आजोबा, मोटर मोठी आली, पण खालचं सगळं जुनंच होतं ना."

त्या रात्री मला डभोई आठवलं.

मंडळी, आपल्यातल्या जुन्या लोकांना प्रतापनगरहून सुटणारी छोटी गाडी आठवत असेल. प्रतापनगर म्हणजे पूर्वीचं गोया गेट. आजीच्या अस्थी घेऊन आम्ही त्याच गाडीनं डभोईवरून चांदोदला गेलो होतो. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. अडीच फूट रुंदीचे रूळ, लाकडी बाकं, आणि मांडीवर कलश घेऊन बसलेले वडील. गाडी इतकी सावकाश जायची की शेतातल्या माणसाशी बोलणं व्हायचं. वडिलांनी तेव्हा सांगितलं होतं, "ही लाईन पहिल्यांदा बैल ओढायचे." मला ती थट्टा वाटली होती.

ती थट्टा नव्हती. मुंबई-ठाणे आगगाडी 1853 साली धावली. त्यानंतर नऊच वर्षांनी, 1862 मध्ये, खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत डभोई ते मियागाम ही वीस मैलांची, म्हणजे सुमारे 32 किलोमीटरची लाईन झाली. भारतातली पहिली नॅरोगेज म्हणून ती ओळखली जाते. पण रूळ फार हलके होते, एका वाराला 13 पौंड, म्हणजे मीटरला साधारण साडेसहा किलो. आज आपल्या मुख्य मार्गांवर मीटरला 60 किलोचे रूळ असतात, त्यावरून अंदाज करा. त्या रुळांवरून डबे बैलांनी ओढले.

पुढच्याच वर्षी, 1863 मध्ये, ग्लासगोच्या नीलसन कंपनीचं इंजिन आणून चालवून पाहिलं. इंजिनात ताकद होती, पण त्याचं वजन पेलण्याची ताकद रुळांत नव्हती. झालं, पुन्हा बैल! खंडेराव महाराज 1870 मध्ये वारले. त्यांच्या हयातीत या लाईनीवर इंजिनाला रोजचं काम मिळालं नाही. पुढच्या दशकात जास्त वजनाचे रूळ टाकले, तेव्हा कुठे वाफेची गाडी नेमानं धावू लागली.

मी नातवाला प्रतापनगरला घेऊन गेलो. तिथे रेल्वेनं हेरिटेज पार्क केलं आहे, नॅरोगेजची जुनी इंजिनं ठेवली आहेत. पोरानं इंजिनाकडे कमी आणि खाली रुळांकडे जास्त बघितलं. म्हणाला, "म्हणजे त्यांनीपण आधी मोटर बदलली." मी म्हंटलं, "हो, महाराजांनीपण आजोबांसारखंच केलं." तेवढाच माझा राजघराण्याशी संबंध.

त्यानंतर आम्ही पुन्हा सुरुवात केली, यावेळी खालून. मी एक जुनी कॅशबुकची वही काढली. डावीकडे वस्तू, उजवीकडे रक्कम, शेवटी "उपयोग झाला की नाही" असा रकाना. पहिली नोंद वजनांची. मकरपुरा जीआयडीसीत ओळखीचा एक लेथवाला आहे. नातवानं माप काढून कागदावर चित्र दिलं, त्यानं पितळी रिंगा कातून दिल्या. चार रिंगांचे 650 रुपये. त्या चाकांच्या आत बसवल्या आणि ट्रक उलटणं निम्म्यावर आलं. सात हजारांच्या मोटरनं जे झालं नाही ते 650 रुपयांत झालं! मग टायर. मग पोलादी दांडे. मग दातांचा हिशेब. मोठ्या चक्राला 56 दात आणि मोटरवरच्या छोट्याला 14 असतील तर मोटरचे 4 फेरे म्हणजे मोठ्या चक्राचा एक. छोटं चक्र 11 दातांचं घातलं की 5.09 फेरे. वेग कमी, जोर जास्त. कॉमर्सच्या माणसालाही कळेल असं हे गणित आहे.

मी म्हंटलं, आता मोठं चक्रही लोखंडाचं घालू, म्हणजे काही मोडायलाच नको. नातू नाही म्हणाला. ते त्यानं मुद्दाम प्लॅस्टिकचंच ठेवलं. कारण गाडी अडकली तर काहीतरी मोडणारच. दोनशे रुपयांचं चक्र मोडलं तर अर्ध्या तासात बदलता येतं. ते लोखंडी केलं तर मोडणं पुढे सरकतं आणि आतला गिअरबॉक्स जातो. घरातल्या फ्यूजसारखंच. चौदा वर्षांच्या मुलाला हे कळलं, मला पंचाहत्तरीत कळलं.

सयाजीराव महाराजांना मात्र ते फार आधी कळलं होतं, असं मला वाटतं. आपण कलाभवनाचा अभिमान बाळगतो, आणि योग्यच आहे. 1890 साली त्रिभुवनदास गज्जरांच्या हाती ते सोपवलं. दादासाहेब फाळके तिथे शिकले. पण त्याच काळात महाराजांनी दुसरं काम हाती घेतलं होतं. 1893 मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि 1906 मध्ये ते सगळ्या राज्याला लागू केलं. कलाभवन हे इंजिन, आणि गावोगावची शाळा म्हणजे रूळ. डभोईच्या लाईनीवर इंजिन आधी आलं होतं आणि रूळ मागून. इथे दोन्हींचं काम बरोबरीनं चाललं. त्यात प्रयोग तेरा वर्षं एका तालुक्यात करून पाहिला, मग राज्यभर नेला. घाई केली नाही.

आता बँकेचं सांगतो. हे मी आजवर कुठे लिहिलं नाही.

1999 साली मी शहरातल्या एका शाखेत मॅनेजर होतो. आमची शाखा पूर्ण कॉम्प्युटरवर जायची होती. मशीन आली, एसी बसला, मी खूश. आपली शाखा पहिली व्हावी ही हौस माझीच. आमचे हेड कॅशियर तेव्हा चोपन्न वर्षांचे. सगळे त्यांना काका म्हणायचे, मीसुद्धा. हजारेक खातेदारांच्या सह्या त्यांना तोंडपाठ होत्या. नोट हातात घेऊन न बघता खोटी सांगायचे. त्यांना तीन दिवसांचं ट्रेनिंग मिळालं. त्यांनी माझ्याकडे एक महिना मागितला होता, जुनं लेजर आणि कॉम्प्युटर दोन्ही बरोबर चालवून बघू म्हणाले. मी म्हंटलं, दोन होड्यांवर पाय ठेवून कसं चालेल? आणि एक तारखेला, ऐन पेन्शनच्या दिवशी, त्यांना नव्या काउंटरवर बसवलं.

रांग दारापर्यंत गेली. काका एका बोटानं टाइप करत होते. एकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यात पडली. तो गृहस्थ ओरडायला लागला. मी केबिनमधून बाहेर आलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "काका, जमत नसेल तर तसं सांगा, दुसरा बसवतो."

ते काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसला आणि उठले.

पुढे 2000-01 मध्ये सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्ती आली. काकांचा अर्ज आमच्या शाखेतला पहिला होता. त्यावर शिफारस मीच लिहिली. शाखेत हार घातला, श्रीफळ दिलं, मी भाषणही केलं. नंतर एकदा एका लग्नात भेटले. "साहेब, आता सगळं फास्ट झालं असेल ना?" म्हणाले. टोमणा नव्हता, खरंच विचारत होते. मी हो म्हंटलं आणि जेवणाच्या रांगेकडे वळलो. आता ते नाहीत.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की काळ बदलला, काका बदलले नाहीत. ते झडलेलं दंतचक्र हातात आलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, खटका तर मी दाबला होता. त्यांनी महिनाच मागितला होता. डभोईच्या रुळांना दहा वर्षं मिळाली!

हे मी नातवालाही सांगितलं. त्यानं विचारलं, "तुम्ही सॉरी म्हणालात का?" मी नाही म्हंटलं. त्यावर तो काही बोलला नाही, स्क्रू आवळत बसला. म्हणून इथे लिहितोय. काकांच्या घरचं कोणी वाचत असेल तर त्यांना कळेल मी कोणाबद्दल बोलतोय. त्या दिवशी चूक काकांची नव्हती.

ट्रक आता छान चालतो. गेल्या हिवाळ्यात पावागडच्या पायथ्याशी नेला होता. मोठी मोटर बसवली आहे, पण छोट्या बॅटरीवर. एका काळ्या दगडावर चढायला त्याला तब्बल चार मिनिटं लागली. आजूबाजूची यात्रेकरू मंडळी थांबून बघत होती. रिमोट नातवाकडे होता.

डभोई-चांदोद लाईन आता ब्रॉडगेज झाली आहे. जानेवारी 2021 पासून गाडी थेट केवडियापर्यंत जाते. चांगलंच आहे. पण त्या छोट्या गाडीनं चांदोदला, नर्मदेवर गेलेल्यांनी आपापल्या आठवणी खाली जरूर लिहाव्यात. कोणाकडे जुनं तिकीट असेल तर फोटो टाका, नातवाला दाखवायचा आहे.

कॅशबुकमध्ये शेवटी एकूण खर्च 14,380 रुपये निघाला. त्यातले 7,000 मी आधी मोटरवर घालवलेले. त्या नोंदीसमोरच्या रकान्यात नातवानं पेन्सिलीनं लिहिलंय, "उपयोग झाला, उशिरा."

चूकभूल द्यावी घ्यावी.