घाट आणि मालगाडी

मुंबईहून पुण्याकडे येणारी गाडी कर्जतला थांबली, की आपण सारे खिडकीतून हात बाहेर काढतो ते बटाटेवड्यासाठी. त्या चार-पाच मिनिटांत गाडीच्या शेपटाशी काय चालले आहे, इकडे सहसा कुणाचे लक्ष नसते. तेथे मागून इंजिने येऊन चिकटतात, हलका धक्का बसतो, हातातला चहा सांडतो आणि गाडी सुटते. या मागून रेटणाऱ्या इंजिनांना रेल्वेतील मंडळी ‘बँकर’ म्हणतात. आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत तो इतिहास या इंजिनांचा, आणि त्याहूनही अधिक त्यांच्या जोरावर घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या मालगाडीचा.

मालगाडीशी आपला संबंध दोनच प्रसंगी येतो. एक, फाटकापाशी खोळंबून वाघिणी मोजताना; आणि दुसरा, ती पुढे असल्यामुळे आपली गाडी रखडली अशी तक्रार करताना. (ही तक्रार बहुधा उलटी असते; आपल्या मेलला वाट द्यावी म्हणून तीच बिचारी कडेच्या रुळावर तासन्‌तास उभी असते.) पण दख्खनच्या पठारावरील बाजारपेठांचे भाग्य या गाडीने ठरविले आहे, आणि त्या गाडीचे भाग्य ठरविले आहे बोरघाटाने.

रेल्वेपूर्वी घाटातला माल लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून चाले. १८३० साली गव्हर्नर माल्कम यांच्या कारकिर्दीत चाकाच्या वाहनांसाठी सडक झाली. १८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली, १८५६ मध्ये रूळ घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत आले, आणि १८५८ साली वर खंडाळा-पुणे मार्ग चालू झाला. मध्ये उरला तो घाट. म्हणजे खाली वाघीण रिकामी करायची, माल बैलगाड्यांत भरून वर चढवायचा आणि पुन्हा वाघिणीत भरायचा. दोन वेळा हमाली, दोन वेळा नासाडी.

हा तुटलेला दुवा जोडण्याचे काम १८५६ च्या जानेवारीत हाती घेतले गेले. जेम्स बर्कले हा जी.आय.पी. रेल्वेचा मुख्य इंजिनियर. पावणेसोळा मैलांत १,८३१ फूट चढायचे, त्यासाठी २५ बोगदे खणायचे! १८५९ साली मजुरी हाती पडेना म्हणून मजुरांनी दंगा केला, आणि त्याच वर्षी मूळ कंत्राटदाराने काम सोडले. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला आणि काही आठवड्यांतच वारला. तेव्हा त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट स्वतःकडे घेतले आणि पुरे करविले. एके काळी येथे ४२,००० माणसे राबत होती. त्यांतली कितीएक पटकीने आणि सुरुंगांनी गेली. सडकेवर शिंगरोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना वाट दाखविणाऱ्या धनगराचे म्हणून लोक ते सांगतात आणि जाता-येता तेथे नाणे टाकतात. या हजारोंच्या नावाने मात्र घाटात नाणे टाकायला जागा नाही.

२१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते उद्‌घाटन झाले. मुहूर्त चांगला लागला. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असल्याने तिकडचा कापूस अडला होता आणि मुंबईत आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. दोन वर्षांनी, १८६५ साली, थळघाटही खुला झाला आणि वऱ्हाडच्या गाठी खाली येऊ लागल्या.

आता खरी अडचण पाहा. घाटातली तीव्र चढण ३७ फुटांत एक फूट अशी आहे. पायी चालणाऱ्याला ती जाणवायचीही नाही. पण हजार टनांची जी गाडी सपाटीवर चार-पाच टनांच्या ओढीने चालते, तिला तेथे नुसते वजनच सुमारे २७ टनांनी मागे खेचू लागते. मग पुढे आणखी इंजिने का जोडू नयेत, असे कुणीही विचारील. उत्तर साखळीत आहे. दोन वाघिणींमधील जोडसाखळी ठरावीक ओढच सोसते. पुढून फार ओढले तर ती तुटते. म्हणून काही जोर मागून लावायचा. शिवाय साखळी तुटलीच, तर सुटलेल्या वाघिणी अडवायला मागे इंजिन असते. बैलगाडी चढावर अडली की घरधनी खाली उतरून मागून रेटतो, तशातलाच हा प्रकार.

आणि तरीही आमच्या मते चढणे ही घाटातली सोपी बाजू आहे. चढताना चुकले तर गाडी बहुधा अडून राहते. उतरताना चुकले तर ती कुणाचीच राहत नाही. आरंभीच्या काळात मालाच्या प्रत्येक वाघिणीला इंजिनातून लावता येणारा ब्रेक नव्हता. इंजिनाचा ब्रेक आणि ब्रेकच्या डब्यांत उभ्या माणसांनी हाताने आवळायची चाके, एवढ्यावर कापसाच्या गाठी सह्याद्री उतरत. पावसाळ्यात रूळ ओले, धुके दाट, आणि शिट्टीच्या खुणेवर सारा भरवसा.

या भीतीतून घाटात एक योजना आली: कॅच सायडिंग. मुख्य रुळापासून एक फाटा काढून तो डोंगराच्या अंगाला उलट चढाने नेलेला असतो. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की सांधा नेहमी या फाट्याकडेच लावलेला असतो. उतरणारी गाडी त्याच्या अलीकडे पूर्ण थांबली, म्हणजे ती ताब्यात आहे असे मानून मग सांधा मुख्य मार्गाला वळवितात. जी थांबली नाही ती आपसूक चढावर जाऊन दमते. ड्रायव्हरने आपण सावध असल्याचे दर वेळी सिद्ध करावे, तोवर त्याच्यावर विश्वास नाही, असा हा कडक नियम.

खंडाळ्याजवळ डोंगर इतका उभा होता, की वळण घ्यायलाही जागा मिळेना. म्हणून तेथे रिव्हर्सिंग स्टेशन केले. गाडी एका आंधळ्या टोकात जायची आणि उलट दिशेने पुढची वाट धरायची. परिणाम असा, की त्या टोकात जेवढी मावेल तेवढीच गाडी न्यायची. घाट गाडीच्या लांबीचे माप घेई, आणि तेच माप पुढे सोलापूर-रायचूरपर्यंतच्या शेकडो मैलांना लागू पडे.

याची किंमत १८७६ ते ७८ च्या दुष्काळात कळली. धान्य मुंबईच्या बंदरात होते, माणसे वर पठारावर उपाशी होती, आणि मधल्या एका चढणीवरून दिवसाला जेवढ्या वाघिणी जातील तेवढेच अन्न वर येणार होते. त्याच काळात दौंड-मनमाड मार्गाच्या मातीकामावर दुष्काळग्रस्तांना लावले गेले आणि १८७८ साली तो खुला झाला. त्याने दोन्ही घाटांच्या माथ्यावरचे मार्ग एकमेकांना जोडले. उत्तरेकडचा माल घाट न उतरता आणि पुन्हा न चढता दक्षिणेला जाऊ लागला. उपाशी माणसांनी खणलेल्या त्या वाटेवरून पुढे किती धान्य गेले असेल, याचा हिशेब जमाखर्चाच्या वहीत मांडता येण्याजोगा नाही.

१९२९ साली घाटात वीज आली, नव्या आखणीमुळे रिव्हर्सिंग स्टेशन बंद पडले. मालगाडीसाठी जी विजेची इंजिने आणली, त्यांची नाके दोन्हीकडे पुढे आलेली. विलायतेत त्यांना मगर म्हणत, आपल्याकडे लोकांनी त्यांचा खेकडा केला. त्यांची करामत अशी, की उतरताना त्यांच्या मोटारीच जनित्र बनत. जे वजन पूर्वी ब्रेकचे ठोकळे झिजवून जाळावे लागे, त्याची वीज होऊन तारेत जाई आणि त्याच वेळी घाट चढणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या उपयोगी पडे. ज्या उताराचे साऱ्यांना भय, तोच पदरात काही टाकू लागला. असा एक खेकडा मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात उभा आहे. मुलांना अवश्य दाखवावा.

पुढे निर्वात ब्रेकच्या जागी दाबाच्या हवेचे ब्रेक आले, जोडसाखळ्या जाऊन मजबूत कपलिंगे आली. सुट्या वाघिणी ठिकठिकाणी जोडत-तोडत नेण्याऐवजी एकाच मालाची सबंध गाडी मुक्कामापर्यंत नेण्याची रीत पडली. १८३० च्या सडकेवरचा, आपण ज्याला अमृतांजन पूल म्हणत होतो, तोही २०२० च्या एप्रिलमध्ये पाडला गेला. घाटात आता तीन मार्ग आहेत. पण चढणीला बँकर लागतातच, आणि लोणावळ्याहून उतरणारी मालगाडी, कितीही नवी असो, आधी आपले ब्रेक तपासून घेते, मग घाटात शिरते. आणि खाली सांधा अजूनही डोंगराकडेच लावलेला असतो.