ओझरचा न घडलेला मरुत

'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये जयंत नारळीकरांनी एकच गोळी चुकवली आणि इतिहास बदलला. काल्पनिक विमानाची प्रतिकृती करणाऱ्यालाही एवढीच मुभा असावी. नाशिकजवळ ओझरचा कारखाना १९६४ साली मिग-२१साठी स्थापन झाला. कुर्ट टँक यांचा मरुत बंगळूरला १७ जून १९६१ रोजी उडाला खरा, पण पुरेशा ताकदीच्या इंजिनाअभावी सरळ उड्डाणात ध्वनिवेग ओलांडू शकला नाही. समजा, इंजिन मिळाले असते आणि मरुत ओझरलाही बांधला गेला असता? प्रतिकृतीत शेपटीकडचा भाग रुंदावतो, एवढाच बदल. खुणा मात्र खऱ्याच हव्यात: बाहेर केशरी, मध्ये पांढरे, आत हिरवे वर्तुळ. पंतांच्या हाती उरलेल्या बखरीच्या पानाचे काम इथे ते वर्तुळ करते. क्रमांकापाशी मी अडतो. प्रत्यक्ष बांधलेल्या १४७ मरुतांपैकी एखाद्याचा उसना घेणे मनाला पटत नाही.