मतदानाला चार दिवस उरले असता

निवडणुकीच्या धामधुमीत वर्तमानपत्रे कोणाची बाजू घेतात, हा प्रश्न नवा नाही. परंतु बाजू घेणे वेगळे आणि निवडणूक कोणत्या प्रश्नावर लढली जावी हे ठरवून टाकणे वेगळे. पहिल्या गोष्टीची उदाहरणे हवी तितकी सापडतील. दुसऱ्या गोष्टीचा १९२४ सालच्या ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये घडलेला प्रकार मात्र पुन्हा पुन्हा तपासून पाहावा असा आहे.

त्या वर्षाच्या जानेवारीत मजूर पक्षाचे पहिले मंत्रिमंडळ अधिकारावर आले. स्कॉटलंडमधील एका गरीब मोलकरणीचा मुलगा रॅम्से मॅक्डोनल्ड हा मुख्य प्रधान झाला आणि परराष्ट्र खातेही त्याने आपल्याकडेच ठेवले. पार्लमेंटात त्याच्या पक्षाचे सभासद अवघे १९१. उदारमतवाद्यांच्या आधारावर सारा डोलारा उभा. फेब्रुवारीत त्याने रशियाच्या सोव्हिएत सरकारला मान्यता दिली आणि ऑगस्टमध्ये त्या सरकारशी करार केले. पुढे रशियाला कर्ज मिळण्याची वाट त्या करारांनी मोकळी होणार होती, आणि तेच अनेकांना खुपत होते. तशातच ‘वर्कर्स वीकली’ या साम्यवादी साप्ताहिकाने जुलैत सैनिकांना उद्देशून एक लेख छापला: कामगार बांधवांवर गोळ्या झाडू नका. संपादक कॅम्बेल याच्यावर सरकारने खटला भरला आणि लगेच काढूनही घेतला. या धरसोडीवरून ८ ऑक्टोबरला सरकारचा पराभव झाला. मतदानाचा दिवस २९ ऑक्टोबर ठरला.

यानंतरच्या घटना मात्र तारखेवार पाहिल्या पाहिजेत, कारण सारे मर्म तारखांतच आहे.

मॉस्कोतील तिसऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा अध्यक्ष झिनोव्हिएव्ह याच्या नावाने ब्रिटिश साम्यवाद्यांना लिहिलेले, १५ सप्टेंबर ही तारीख असलेले एक पत्र ब्रिटिश गुप्तहेर खात्याच्या हाती आले. ते बाल्टिक किनाऱ्यावरील रीगा शहराकडून आले होते. कराराच्या बाजूने कामगारांना चेतवा, सैन्यात आपले गट उभे करा, असा त्यातील आदेश होता. मूळ पत्र कोणीच पाहिले नव्हते. होती ती नक्कल. परराष्ट्र खात्यामार्फत ती प्रचारदौऱ्यावर असलेल्या मॅक्डोनल्डसमोर १६ तारखेच्या सुमारास आली. पत्र खरे की खोटे याची खात्री करा, असे त्याने कळविले. सोव्हिएत प्रतिनिधी राकोव्हस्की याला पाठवावयाच्या निषेधाचा मसुदा त्याने दुरुस्त करून परत धाडला, पण त्यावर संमतीची अक्षरे घातली नाहीत. तो मसुदा २४ तारखेला लंडनला पोहोचला.

इकडे ‘डेली मेल’चा संपादक टॉमस मार्लो यालाही ही नक्कल मिळाली होती. एका जुन्या स्नेह्याने दूरध्वनीवरून तिची खबर दिल्याचे पुढे १९२८ साली त्यानेच सांगितले. मार्लोने पत्र टाईपात जुळवून घेतले आणि इतर वर्तमानपत्रांनाही पाठवून दिले. आपल्या हाती लागलेली सनसनाटी बातमी प्रतिस्पर्ध्यांना वाटून देणारा संपादक विरळाच. बातमी पहिल्याने आपण छापावी, ही वर्तमानपत्राची नेहमीची हाव येथे दिसत नाही. ती सर्वत्र छापली जावी हीच निकड दिसते. मेलकडे पत्र गेले आहे हे कळताच परराष्ट्र खात्यातील अधिकारी गडबडले. सरकारने पत्र दडविले असा बोभाटा होऊ नये म्हणून त्यांनी मुख्य प्रधानाच्या स्पष्ट संमतीवाचूनच पत्र आणि निषेध दोन्ही प्रसिद्धीस दिले. त्यांचा हेतू वाईट नसावा. परिणाम मात्र असा झाला की, संशयास्पद नकलेवर सरकारच्याच खात्याचे शिक्कामोर्तब झाले.

शनिवार २५ ऑक्टोबरच्या सकाळी ‘डेली मेल’मध्ये मोठ्या टाईपात मथळा झळकला, समाजवाद्यांच्या धन्यांनी यादवी युद्धाचा कट रचला आहे, असा त्याचा आशय. मेलचा खप तेव्हा सतरा लाखांच्या आसपास होता. वास्तविक पत्र होते ब्रिटिश साम्यवाद्यांना, मजूर पक्षाला नव्हे, आणि मजूर पक्ष साम्यवाद्यांना आपल्यात घेण्यास सतत नकार देत आला होता. मथळ्यातील ‘धनी’ या एका शब्दाने हा सारा फरक पुसून टाकला. राकोव्हस्कीने पत्र बनावट असल्याचे तत्काळ कळविले, मजूर पक्षाच्या ‘डेली हेरल्ड’नेही तसे ठासून लिहिले. पण हेरल्ड वाचणारा बहुधा मजूर पक्षालाच मत देणारा होता; ज्याचे मन डळमळले तो मेल वाचत होता.

मॅक्डोनल्डची चूकही लपविण्याजोगी नाही. शनिवार गेला, रविवार गेला, मुख्य प्रधान त्याविषयी बोलला नाही. सोमवारी कार्डिफच्या सभेत तो बोलला तेव्हा त्याने परराष्ट्र खात्याला दोषही दिला नाही आणि पत्र खोटे आहे असेही छातीठोकपणे म्हटले नाही. मुख्य प्रधानच अडखळतो आहे, तेव्हा पाणी कोठेतरी मुरत असले पाहिजे, असे लोकांना वाटले तर नवल नाही.

नभोवाणी हे नवे साधन तेव्हा हाताशी होते. बीबीसी ही त्या वेळी खासगी कंपनी होती; वादग्रस्त विषयांना तिच्यावर मज्जाव होता. तरी या निवडणुकीत तिन्ही पक्षनेत्यांना एकेक भाषण करू दिले गेले. मॅक्डोनल्डने ग्लासगोच्या जाहीर सभेतूनच आपले भाषण प्रक्षेपित करविले. ध्वनिक्षेपकापासून इकडेतिकडे होत, टाळ्यांच्या गजरात तो बोलला आणि घरी ऐकणाऱ्यांना ते नीट ऐकूच आले नाही. हुजूर पक्षाचा बाल्डविन मात्र लंडनमध्ये एका खोलीत बसून शेजाऱ्याशी बोलावे तसा शांतपणे बोलला. ही भाषणे महिन्याच्या मध्यावरच आटोपली होती. पत्र छापून आले तेव्हा मजूर पक्षाची पाळी संपलेली होती.

निकाल लागला तो असा: हुजूर पक्षाला चारशेहून अधिक जागा, मजूर पक्षाला १५१, उदारमतवाद्यांना ४०. पत्रामुळे मजूर पक्ष बुडाला, ही समजूत त्या पक्षात पुढे कित्येक वर्षे टिकली. आकडे तसे सांगत नाहीत. मजूर पक्षाची मते ४४ लाखांवरून ५५ लाखांवर गेली. खरा फटका बसला उदारमतवाद्यांना. त्यांनी उमेदवारच मागच्या निवडणुकीपेक्षा शंभराहून अधिक कमी उभे केले होते, आणि भ्यालेला मध्यममार्गी मतदार हुजूर पक्षाकडे वळला. त्यांचा वयोवृद्ध नेता ॲस्क्विथ स्वतःच पडला. हुजूर पक्ष पत्रावाचूनही बहुधा जिंकलाच असता. मजूर सरकारने घरबांधणीचा जो कायदा केला होता, बेकारीविषयी जे केले वा करावयाचे राहिले, त्याचा हिशेब मागण्याचे शेवटचे चार दिवस मात्र मतदाराच्या हातून गेले. ते चार दिवस मॉस्कोच्या चर्चेत संपले.

त्याच वर्षाच्या मे महिन्यात कानपूरच्या न्यायालयात मुंबईचे श्रीपाद अमृत डांगे आणि आणखी तिघे यांना चार वर्षांची शिक्षा झाली होती. तेथेही आरोप परदेशातील साम्यवाद्यांशी पत्रव्यवहाराचाच होता. निकाल न्याय्य होता की नाही हा भाग वेगळा, पण ती पत्रे निदान न्यायालयापुढे आली, आरोपींना वकील मिळाले. झिनोव्हिएव्हच्या नावाचे पत्र मतदानापूर्वी कोणत्याच न्यायासनापुढे आले नाही. गंमत अशी की, या तांबड्या भीतीच्या निवडणुकीत लंडनच्या उत्तर बॅटरसी मतदारसंघाने मुंबईत जन्मलेल्या शापुरजी सकलातवाला या पारशी गृहस्थाला उघड साम्यवादी म्हणून निवडून दिले. तेथील मतदार त्याला ओळखत होते.

पत्राचा छडा लावण्याचे प्रयत्न पुढे पाऊण शतक चालले. १९२८ साली परराष्ट्र खात्यातील ग्रेगरी, ज्याची त्या निषेधावर सही होती, फ्रँक चलनाच्या सट्ट्यावरून नोकरीतून बडतर्फ झाला. त्यामुळे प्रकरण पुन्हा गाजले. १९९९ साली खात्याच्या इतिहासतज्ज्ञ जिल बेनेट यांनी सरकारी व गुप्तहेर खात्याची दप्तरे तपासून अहवाल दिला: पत्र जवळजवळ निश्चितपणे बनावट, बहुधा बाल्टिक प्रदेशातील बोल्शेव्हिकविरोधी रशियनांच्या वर्तुळात तयार झालेले, आणि ते हुजूर पक्षाच्या हितचिंतकांपर्यंत पोहोचविण्यात हेरखात्याशी संबंधित माणसांचा हात असावा. ते नेमके कोणी लिहिले हे त्यांनाही सांगता आले नाही. मूळ पत्र आजवर सापडलेले नाही.