डंडी, एप्रिल १९७९

हिलटाउनचा चढ चढून तुम्ही पबचं दार ढकलता, तोच सिगारेटचा धूर डोळ्यांत जातो. ३ मेला मतदान आहे. गिऱ्हाइकं बिअरचे ग्लास पुढ्यात घेऊन एकाच गोष्टीवर तावातावानं बोलतायत: मजूर पक्षाचं कॅलहान सरकार पाडलं कोणी?

"तुम्हीच पाडलंत!" एक म्हातारा गोदी कामगार स्कॉटिश नॅशनल पार्टीचा, म्हणजे एसएनपीचा, बिल्ला लावलेल्या पोरावर बोट रोखतो. २८ मार्चला अविश्वास ठराव ३११ विरुद्ध ३१० असा एका मतानं मंजूर झाला. एसएनपीचे अकराच्या अकरा खासदार हुजूर पक्षाच्या थॅचरबाईंच्या बाजूनं गेले होते.

"आणि आम्हाला फसवलं कोणी?" पोरगा उसळतो. त्याचं दुखणं खरं आहे. १ मार्चला स्कॉटलंडच्या स्वतःच्या विधिमंडळासाठी सार्वमत झालं. ५१.६ टक्के मतं 'हो'ला पडली. एडिनबरात कॅल्टन टेकडीवरच्या जुन्या शाळेत सभागृहसुद्धा सजवून ठेवलं होतं. पण कायद्यात पाचर मारलेली होती: यादीतल्या एकूण मतदारांपैकी ४० टक्क्यांनी 'हो' म्हणायला हवं. भरले ३२.९. म्हणजे जो घरी बसला, तोही 'नाही'तच जमा. ही पाचर मारणारा जॉर्ज कनिंगहॅम मजूर पक्षाचाच खासदार, लंडनमधून निवडून आलेला, जन्मानं मात्र स्कॉटिश. असा निकष लावून जिंकलेली बाजू हरवणं हा धडधडीत अन्याय होता. तरीही रागाच्या भरात सरकार पाडून एसएनपीनं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

कोपऱ्यातल्या बाईंनी तागाच्या गिरणीत जन्म घालवलाय. बोटांची पेरं सुजलेली, आवाज खणखणीत. गिरणीतल्या यंत्रांच्या गोंगाटात बोलायची सवय. "मी 'नाही' म्हटलं," त्या सांगतात. हुजूर पक्षाचे माजी पंतप्रधान डग्लस-ह्यूम यांनी म्हटलं होतं, हा कायदा नाकारा, आमचा पक्ष याहून चांगला आणेल. बाईंनी विश्वास ठेवला. तुमच्या पोटात कालवतं. हुजूर पक्ष आता १८ वर्षं राज्य करणार आहे आणि तो कायदा कधीच आणणार नाही. स्कॉटिश संसद भरेल ती १९९९ मध्ये.

"उत्तर समुद्रातलं तेल आपलं आहे," पोरगा त्यांना समजावू पाहतो. "स्वतंत्र झालो तर लंडनपुढे हात पसरायला नको."

"तेल राहू दे. गिरण्या बंद पडतायत, त्याचं बोल." बाईंचं मत जिमी रीडला. मजूर पक्षानं त्याला इथे एसएनपीच्या गॉर्डन विल्सनसमोर उभं केलंय. १९७१ मध्ये क्लाइड नदीकाठच्या जहाजबांधणीच्या गोद्या बंद पडू लागल्या, तेव्हा संप न करता कामगारांनी गोद्या ताब्यात घेऊन काम चालू ठेवलं. रीड त्या लढ्याचा पुढारी.

"रीड येणार! एसएनपी संपली!" म्हातारा टेबलावर थाप मारतो.

एसएनपी अकरावरून दोनवर येईल, इथवर त्याचा अंदाज बरोबर. पण त्या दोनांतली एक जागा हीच, डंडी ईस्ट. विल्सन टिकेल, रीड पडेल. २०१५ मध्ये एसएनपी स्कॉटलंडमधल्या ५९ पैकी ५६ जागा घेईल आणि मजूर पक्षाकडे एकच उरेल. तुम्हाला राहवत नाही.

"२००५ मध्ये रीड स्वतःच एसएनपीत जाईल," तुम्ही बोलून जाता.

म्हातारा आणि पोरगा एकमेकांकडे बघतात आणि खदाखदा हसतात. आज संध्याकाळी त्या दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालंय.