वैद्यकीय परवाना परीक्षा : अपयशाची चाहूल पहिल्याच वर्षी

वैद्यकीय शिक्षणासाठी गोव्यातून घाट ओलांडून बेळगावला जाण्याची परंपरा जुनी आहे. तेथे केएलई संस्थेचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून, तर शासकीय बेळगाव वैद्यकीय विज्ञान संस्था म्हणजे ‘बिम्स’ सुमारे दोन दशकांपासून कार्यरत आहे. प्रवेश मिळाला की घरोघरी पेढे वाटले जातात आणि डॉक्टर होणे ही आता केवळ काळाची बाब उरली, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात काही विद्यार्थी पहिल्याच वर्षी मागे पडू लागतात. ही चाहूल वेळीच ओळखता येते का आणि ओळखल्यावर काय करावे, हा वैद्यकीय शिक्षणातील एक कळीचा प्रश्न आहे.

परवाना परीक्षेचे स्वरूप

देशात एमबीबीएस उत्तीर्ण होऊन आंतरवासिता पूर्ण करणाऱ्यास राज्य वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी करून व्यवसाय करता येतो. परदेशातून पदवी घेऊन आलेल्यांना मात्र २००२ पासून चाळणी परीक्षा द्यावी लागते. तीत ३०० बहुपर्यायी प्रश्न असतात व १५० गुणांची अट असते. या परीक्षेच्या अनेक सत्रांत बहुसंख्य उमेदवार अनुत्तीर्ण झाले आहेत.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ ने सर्वांसाठी ‘नेक्स्ट’ ही समान निर्गमन परीक्षा योजली. जून २०२३ मध्ये तिचे विनियम प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच महिन्यात ती लांबणीवर पडली. विनियमांनुसार पहिल्या टप्प्यात सहा प्रश्नपत्रिकांत मिळून ५४० प्रश्न असून प्रत्येक प्रश्नपत्रिकेत ५० टक्के गुण आवश्यक आहेत. आंतरवासितेनंतरचा दुसरा टप्पा प्रात्यक्षिकाचा आहे. परवाना आणि पदव्युत्तर प्रवेशाची गुणवत्ता एकाच परीक्षेवर ठरवण्याची ही रचना असल्यामुळे दुर्बल पायाची किंमत अधिकच वाढते.

चिन्हे कोणती?

शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र व जीवरसायनशास्त्र हे पहिल्या वर्षाचे विषय. विकृतिशास्त्र आणि औषधशास्त्र त्यांवर उभे राहतात आणि रुग्णचिकित्सा त्या दोहोंवर. खालचा थर कच्चा राहिला की वरचा डळमळतो. म्हणूनच प्रवेश परीक्षेतील गुणांपेक्षा महाविद्यालयातील पहिल्या अंतर्गत चाचण्यांचे गुण पुढील यशापयशाचे सामान्यतः अधिक निकटचे सूचक ठरतात. प्रवेश परीक्षेची चाळणी पार केलेल्यांच्या गुणांत मुळातच फारसे अंतर उरलेले नसते, हेही त्याचे एक कारण आहे.

एखाद्या चाचणीतील कमी गुणांना फार महत्त्व देऊ नये. दोन-तीन विषयांत एकाच वेळी झालेली घसरण, चाचणीगणिक उतरत जाणारा आलेख, व्याख्यानांतील वाढती अनुपस्थिती, पाठ केलेले उत्तर लिहिता येणे परंतु रुग्णाची लक्षणे देऊन विचारलेला प्रश्न न सुटणे, ही चिन्हे एकत्र दिसली तर दखल घ्यावी. नियमही याला पूरक आहेत. विद्यापीठाच्या परीक्षेस बसण्यासाठी व्याख्यानांना ७५ टक्के व प्रात्यक्षिकांना ८० टक्के उपस्थिती लागते. अंतर्गत मूल्यमापनात लेखी व प्रात्यक्षिक मिळून ५० टक्के गुण लागतात. म्हणजे आवश्यक नोंदी प्रत्येक महाविद्यालयाच्या दप्तरी असतातच. त्या वर्षअखेरीस अपात्र ठरवण्यासाठी वापरायच्या की तिसऱ्या महिन्यात साहाय्यासाठी, हा खरा प्रश्न आहे.

भाषेची अडचण

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात आणखी एक घटक आहे. ‘नीट’ परीक्षा मराठी व कन्नडमधूनही देता येते, परंतु महाविद्यालयातील ग्रंथ आणि व्याख्याने इंग्रजीत असतात. दहावीपर्यंत मराठी किंवा कन्नड माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्याला विषय समजलेला असूनही लांबलचक प्रश्न वाचण्यातच वेळ गमवावा लागतो. रुग्णकक्षात उलटे घडते. तेथील रुग्ण कन्नड, मराठी वा कोकणी बोलतात. गोव्याहून गेलेल्या विद्यार्थ्याला कन्नड येत नसेल तर रुग्णाची हकिकत घेणे अवघड जाते. दोघांचेही गुण कमी दिसतात, मात्र कारणे वेगळी असतात आणि उपायही वेगळेच हवेत. अभ्यासक्रमाच्या आरंभीच्या पायाभूत वर्गात भाषाकौशल्याचा समावेश आहे, तो याच कारणाने.

चाळणी म्हणजे निदान नव्हे

धोक्याची यादी करताना एक हिशेब ध्यानात ठेवावा लागतो. समजा, १०० विद्यार्थ्यांपैकी १० जण पुढे अनुत्तीर्ण होणार आहेत. एखादी पद्धत त्यांतील आठ जण अचूक हेरते आणि उरलेल्या ९० पैकी १८ जणांनाही चुकून यादीत घेते. यादीत २६ नावे येतील, त्यांपैकी खरोखर अडचणीत असलेले आठच असतील आणि दोघे नजरेतून सुटतील. अशी यादी फलकावर लावली तर १८ जणांवर विनाकारण शिक्का बसेल. हीच यादी मार्गदर्शक अध्यापकाच्या हाती गोपनीय राहिली, तर त्या १८ जणांना थोडे जादा मार्गदर्शन मिळेल, एवढेच.

साहाय्य कसे?

चिन्ह दिसल्यावर पहिली पायरी संवादाची असते. अभ्यासाची पद्धत, झोप, वसतिगृहातील एकटेपणा, आर्थिक ताण, नैराश्य यांपैकी मूळ कशात आहे, हे विचारल्याविना कळत नाही. नैराश्याची शंका असेल तर अधिक व्याख्यानांऐवजी मानसोपचारतज्ज्ञाची भेट आवश्यक ठरते. अभ्यासाबाबत, पुन:पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवण्याचा सराव आणि तो ठरावीक अंतराने करणे अधिक परिणामकारक ठरते, हे संशोधनाने वारंवार दाखवले आहे. लहान गट, वरिष्ठ विद्यार्थ्यांची मदत आणि काही आठवड्यांनी फेरचाचणी, हा क्रम कोणत्याही महाविद्यालयाला परवडण्याजोगा आहे. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठात १९७० च्या दशकापासून सर्व वर्षांच्या विद्यार्थ्यांना एकच प्रगतिचाचणी वर्षातून अनेकदा दिली जाते. त्यामुळे प्रत्येकाची वाढ किंवा खुंटलेली वाढ आलेखावर स्पष्ट दिसते.

पालकांसाठी

आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार पहिल्या वर्षाच्या परीक्षेसाठी चारच प्रयत्न मिळतात आणि प्रवेशापासून नऊ वर्षांत एमबीबीएस पूर्ण करावे लागते. उशिरा कळलेले अपयश म्हणूनच कुटुंबाची वर्षे आणि पैसा दोन्ही खाते. पाल्याला भरती करताना शुल्क आणि वसतिगृहासोबत आणखी तीन गोष्टी विचाराव्यात : पहिली अंतर्गत चाचणी केव्हा होते, मार्गदर्शक अध्यापक कोण आणि कमी गुण मिळाल्यास महाविद्यालय काय करते. परदेशी प्रवेश घेणाऱ्यांनी तर हे प्रश्न विमानाचे तिकीट काढण्यापूर्वीच विचारावेत, कारण त्यांच्यापुढील चाळणी परीक्षा आजच अस्तित्वात आहे. पहिल्या चाचणीनंतर घरी आलेल्या मुलाला ‘किती गुण मिळाले’ याबरोबर ‘कुठे अडले’ हेही विचारले, तर बरेच काही वेळेत कळू शकते.