परवलीचा शब्द

परवलीचा शब्द : पहारेकऱ्याने हटकले असता ओळख पटविण्यासाठी सांगावयाचा, अगोदर ठरवून दिलेला गुप्त शब्द. ही मूळची लष्करी पद्धती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगणकाने ती उचलली व आज सामान्य माणसाची बँकेतील ठेव, पत्रव्यवहार, छायाचित्रे व वैद्यकीय नोंदी यांच्या दाराशी बव्हंशी हाच शब्द उभा असतो.

रोमन सैन्यातील पद्धतीचे वर्णन ग्रीक इतिहासकार पोलिबिअस याने केले आहे. सूर्यास्ताच्या वेळी छावणीच्या टोकाकडील तुकडीचा एक सैनिक सेनाधिकाऱ्याच्या तंबूत जाऊन त्या रात्रीचा शब्द कोरलेली लाकडी पट्टी घेई. ती साक्षीदारांसमक्ष तुकडीतुकडीतून पुढे दिली जाई आणि अंधार पडण्यापूर्वी परत अधिकाऱ्याच्या हाती यावी लागे. न आल्यास पट्टीवरील खुणांवरून ती कोठे अडली याचा तपास होई व दोषी व्यक्तीस शिक्षा होई. शब्द कोणाकोणाच्या हातून गेला याची नोंद ठेवणे हा या व्यवस्थेचा खरा गाभा होय. ती ढिली पडल्यास काय होते, हे थ्यूसिडिडीझने सांगितलेल्या इ. स. पू. ४१३ मधील सिराक्यूसजवळच्या रात्रीच्या लढाईवरून दिसते. गोंधळलेले अथेनियन सैनिक एकमेकांना वारंवार परवलीचा शब्द विचारू लागले, तो शत्रूच्या कानी पडला आणि त्याच शब्दाच्या आधारे शत्रूचे लोक त्यांच्या हातून निसटू लागले. दूरध्वनीवर अनोळखी इसमास सांकेतिक अंक सांगणाऱ्याची आजची गत याहून फारशी वेगळी नाही.

संगणकात या शब्दाचा प्रवेश मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९६१ नंतर झाला. फेर्नांदो कॉर्बातो (१९२६–२०१९) यांच्या नेतृत्वाखाली तेथे एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी कालविभागणीची प्रणाली तयार झाली. प्रत्येकाच्या फायली स्वतंत्र राहाव्यात व ठरलेल्या वेळेपेक्षा अधिक वेळ कोणी वापरू नये, एवढाच शब्दामागील हेतू होता. सर्वांचे शब्द मात्र एकाच फायलीत उघड लिहिलेले असत. ॲलन शेर या संशोधकास मिळणारा वेळ अपुरा पडे; १९६२ मध्ये त्यांनी ती फाईलच मुद्रित करून घेण्याची युक्ती केली व इतरांच्या नावे काम चालू ठेवले. त्याची कबुली त्यांनी सु. २५ वर्षांनी दिली. १९६६ मध्ये तर दोन तात्पुरत्या फायलींची अदलाबदल होऊन, दररोजच्या सूचनेऐवजी सर्वांचे परवलीचे शब्दच प्रत्येकाच्या पुढ्यात छापून आले. दोन्ही प्रसंगी वापरणाऱ्यांची काही चूक नव्हती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

यावरील उपाय केंब्रिज विद्यापीठात रॉजर नीडम व त्यांच्या सहकाऱ्यांनी काढला. शब्द जसाच्या तसा न साठविता त्यावर एकदिश गणिती प्रक्रिया करून येणारे रूपच साठवावयाचे. या रूपावरून मूळ शब्द उलट काढता येत नाही. आलेल्या शब्दावर तीच प्रक्रिया करून दोन्ही रूपे जुळतात का, एवढेच यंत्र पाहते. युनिक्स प्रणालीत रॉबर्ट मॉरिस व केन टॉम्प्सन यांनी तीत आणखी एक भर घातली. प्रत्येक शब्दास प्रक्रियेपूर्वी यदृच्छया निवडलेल्या अंकांची जोड दिली, की दोघांचा शब्द एकच असला तरी साठविलेली रूपे वेगळी होतात. या जोडीस ‘मीठ’ म्हणतात. त्यांच्या १९७९ च्या निबंधातील पाहणी अधिक बोलकी आहे. गोळा केलेल्या ३,२८९ शब्दांपैकी १५ एकाक्षरी होते, ४६४ तीन अक्षरी होते. शब्दकोश व नावांच्या याद्या धरून २,८३१, म्हणजे ८६ टक्के, सहज ओळखता आले. २ नोव्हेंबर १९८८ रोजी मॉरिस यांच्याच मुलाने सोडलेल्या ‘कृमि’ आज्ञावलीने हजारो संगणक ठप्प केले. तिच्यात नेहमीच्या ४३२ शब्दांची यादी अंतर्भूत होती.

बँकव्यवहारात हेच काम अंकांकडे आले. पैसे देणारे स्वयंचलित यंत्र लंडनजवळील एन्फील्ड येथे २७ जून १९६७ रोजी सुरू झाले. त्याचे एक जनक जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म शिलाँगचा. अंक चारच असावेत, कारण आपल्या पत्नीस तेवढेच लक्षात राहत, असे ते सांगत. भारतात असे पहिले यंत्र १९८७ मध्ये मुंबईत बसले. चार अंकांच्या जुळण्या १०,००० च होतात. त्यांतही जन्मवर्ष वा १२३४ निवडणारा त्या आणखी कमी करतो.

विसाव्या शतकाअखेर एकेका माणसाकडे डझनावारी शब्द जमा झाले व एकच शब्द सर्वत्र वापरण्याची सवय बळावली. २००९ मध्ये ‘रॉकयू’ या कंपनीकडून सु. ३ कोटी २० लक्ष शब्द चोरीस गेले. ते सर्व उघड रूपात साठविलेले होते आणि त्यांत ‘१२३४५६’ हा सर्वाधिक आढळला. अशी यादी हाती येताच चोर तेच शब्द इतर ठिकाणी लावून पाहतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाण संस्थेसाठी बिल बर यांनी २००३ च्या सुमारास केलेल्या नियमांनुसार अंक, चिन्हे व मोठी-लहान अक्षरे मिसळावीत व शब्द वरचेवर बदलावा, असा दंडक जगभर रूढ झाला. लोक एका अंकाने शब्द बदलून नियम पाळू लागले. २०१७ च्या सुधारित नियमांनी सक्तीचा कालबद्ध बदल रद्द केला, लांबीस महत्त्व दिले आणि चोरीस गेलेल्या याद्यांतील शब्द नाकारावेत असे सांगितले. आपल्या सल्ल्याबद्दल बर यांनी जाहीरपणे खेद व्यक्त केला. प्रस्तुत लेखकाच्या मते चार-पाच असंबद्ध शब्दांची लांब ओळ, प्रत्येक ठिकाणी वेगळी, घरातील वहीत लिहून कुलुपात ठेवणे हे एकाच ‘कठीण’ शब्दाच्या पुनरुक्तीपेक्षा निश्चित बरे. दूरचा चोर ती वही पाहू शकत नाही.

भारतात रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून कार्डाच्या ऑनलाईन व्यवहारास दुसरी खातरजमा आवश्यक केली. पुढे भ्रमणध्वनीवर येणारा एकवेळचा संकेतांक सर्वपरिचित झाला. त्यामुळे चोरीचे लक्ष यंत्राकडून माणसाकडे वळले. बँकेचा अधिकारी असल्याची बतावणी करून संकेतांक विचारणे, अथवा ग्राहकाच्या क्रमांकाचे दुसरे सिमकार्ड मिळविणे, हे प्रकार त्यातूनच उद्‌भवले. २०१६ पासूनच्या यूपीआय पद्धतीत गुप्त अंक पैसे देतानाच लागतो, घेताना नव्हे. हे ठाऊक नसल्याने अनेकजण फसले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपण हा मूलभूत हक्क मानला आणि २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने माहिती बाळगणाऱ्या संस्थेवर तिच्या रक्षणाची जबाबदारी टाकली.

२०२२ पासून मोठ्या कंपन्या ज्या ‘पासकी’ पद्धतीचा पुरस्कार करीत आहेत, तीत सांगण्याजोगा शब्दच नसतो. ओळखीची गुप्त किल्ली वापरणाऱ्याच्या उपकरणात वा त्याच्या खात्याशी जोडलेल्या साठ्यात राहते आणि संकेतस्थळाकडे केवळ तिची उघड जोडी असते; बनावट संकेतस्थळावर ती चालत नाही. तथापि उपकरण हरविल्यास खाते परत मिळविण्याचा मार्ग अनेक ठिकाणी अद्यापि भ्रमणध्वनी क्रमांक वा जुना परवलीचा शब्द यांवरूनच जातो.