फटफटीची वीज

आमच्या कोल्हापुरांत जुनीं माणसें मोटारसायकलीला अजूनहि 'फटफटी' म्हणतात. या फटफटीच्या मुठीशेजारीं हल्लीं बोटभर रुंदीचें एक रबरी झाकण आढळतें. झाकण उघडून आंतल्या सॉकेटांत तार खोंचली कीं खिशांतला मोबाइल चार्ज होऊं लागतो. तरुणांना याचें नवल वाटत नाहीं. परंतु दुसऱ्याला उसनी देण्याइतकी वीज या वाहनापाशीं शिल्लक कधींपासून राहूं लागली, हें पाहूं गेल्यास शंभर वर्षें मागें जावें लागतें.

मोटारसायकलीला प्रथम वीज हवी होती ती केवळ ठिणगीपुरती. डाइम्लर व मायबाख यांनीं १८८५ सालीं जर्मनींत जें लांकडी वाहन चालविलें, त्यांत तर ठिणगीहि नव्हती. तापवून लाल केलेल्या नळीच्या उष्णतेनें इंधन पेट घेई. पुढें विद्युत्घट बाळगण्याची पद्धत आली. घट वाटेंत संपला कीं वाहन ढकलीत घरीं आणणें प्राप्त होई. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यांत गोटलोब होनोल्ड यांनीं १९०२ च्या सुमारास उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला, तेव्हां ही पीडा टळली. लोहचुंबक व तारेचें वेटोळें यांपैकीं एक फिरतें ठेवलें असतां तारेंत वीज उत्पन्न होते, हें फॅरेडे यांनीं १८३१ सालींच दाखविलें होतें; त्याच तत्त्वाचा हा उपयोग. दिवा मात्र कार्बाइडचा. खड्यांवर पाण्याचे थेंब पडावे, उग्र दर्पाचा वायु निघावा आणि तो काडी लावून पेटवावा! भर पावसांत हा खटाटोप करणारांच्या चिकाटीला नमस्कारच केला पाहिजे.

पहिल्या महायुद्धानंतर डायनॅमो व सहा व्होल्टांची बॅटरी यांचा प्रसार झाला आणि हा सहा व्होल्टांचा संसार पुष्कळ वर्षें टिकला. मद्रासेस १९५५ पासून जुळूं लागलेली बुलेट काय किंवा म्हैसूरची जावा काय, दोघींची मिळकत एवढीच. आपल्या महाराष्ट्रांत कायनेटिक इंजिनिअरिंगनें १९७२ सालीं जी लूना काढली, तिला बॅटरी मुळींच नव्हती. मी शिक्षकीस आरंभ केला तेव्हां मजजवळ लूनाच होती. चढावर वेग मंदावला कीं तिचा दिवा काजव्याएवढा होई; उतारावर तो असा लखलखे कीं एखादे वेळीं बल्बांतील तार वितळून पुढें अंधारच! अशा घरांतून पाहुण्याला काय वाढणार?

शिल्लक निर्माण झाली ती आळसापोटीं, असें माझें मत आहे. लाथ मारून एंजिन सुरू करण्याचा लोकांना कंटाळा आला. १९८४ सालीं आलेल्या कायनेटिक होंडाला बटन होतें. बटन दाबून एंजिन फिरवावयाचें तर बॅटरी दणकट हवी, आणि ती भरून काढणारें यंत्रहि तसेंच हवें. पुढें बारा व्होल्ट सार्वत्रिक झाले; विजेचा दाब मर्यादेंत ठेवणारा रेग्युलेटर नांदूं लागला. सॉकेट मात्र मोटारींकडून आलें, आणि तेंहि सिगारेट पेटविण्याच्या साधनांतून. १९२० नंतरच्या दशकांत अमेरिकन मोटारींत हें साधन बसूं लागलें. पुढें त्याच्या बिळांत लोक पंखे नि पंप जोडूं लागले. मोबाइलला पांचच व्होल्ट लागतात, म्हणून बाराचे पांच करणारी चिमुकली पेटी मध्यें असते.

ही शिल्लक बेताचीच आहे. बारा व्होल्ट व पांच अँपिअर-तास अशा बॅटरींत जेमतेम साठ वॅट-तास वीज असते. एक मोबाइल तींतील पंधराएक खातो. शिवाय १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा दिवसांहि जळत असतो. आमच्या शेजारच्या मुलानें हौसेनें सॉकेट बसवून घेतलें, तें थेट बॅटरीवर. ना किल्लीचा ताबा, ना फ्यूज. तिसऱ्या दिवशीं बॅटरी निपचित पडली. टाकीखालीं तार घासून आंतलें तांबें उघडें पडलें होतें, तें वेगळेंच. मग उद्यमनगरांतल्या एका मिस्त्रीनें तारेला नवें वेष्टन घातलें, निराळा फ्यूज दिला आणि किल्ली फिरविल्यावरच सॉकेट जिवंत व्हावें अशी जोडणी केली.

या जोडणीची परीक्षा ऑगस्ट २०१९ मध्यें झाली. राजाराम बंधाऱ्यापाशीं पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्या महापुरांत पाणी ५५ फुटांवर गेलें. महामार्ग बंद झाला, पेट्रोल मिळेना, आमच्या भागांतली वीजहि गेली. माझी थोरली बहीण आंबेवाडीस दिलेली. दोन दिवस तिचा कांहीं पत्ता नव्हता, आणि माझा मोबाइल मृत.

"गुरुजी, तुमचा आधी लावा," शेजारचा मुलगा म्हणाला. त्यानें फटफटी जिन्याखालीं उभी केली होती. थोडा वेळ एंजिन चालवावें, मग बंद करावें, असा त्याचा हिशेब. कारण टाकींत पेट्रोल दोन बोटेंच उरलें होतें. वीसएक मिनिटांनीं पडदा उजळला. चार वेळां घंटा वाजून तुटली. पांचव्या वेळीं आक्काचा आवाज आला.

"म्हशी सोडून दिल्या रे. आमी सगळी वर हाय, शाळंत."

एवढेंच ऐकूं आलें. मीं तार काढून मागच्या बाईंच्या हातीं दिली. त्यांच्या मागें जिन्यावर आणखी अकरा जण उभे होते.